फोनपासून काडीपर्यंत: मालिकांमधली गर्भचाचणी

[दृश्य: कृष्णधवल स्टुडिओ, टेबलावर काळा टेलिफोन]

१९५२. 'गायडिंग लाइट' ही मालिका रेडिओवरून अमेरिकी टेलिव्हिजनवर आली. त्या काळच्या मालिकांत नायिकेला दिवस गेल्याचं कळायचं ते घेरी आल्यावर, नाहीतर डॉक्टरांच्या तोंडून. त्याच वर्षी 'आय लव्ह ल्युसी' या विनोदी मालिकेची नायिका खरोखरच गरोदर होती, तरी सीबीएस वाहिनीने 'प्रेग्नंट' हा शब्द संवादात येऊ दिला नाही. मग लघवीची बाटली कोण दाखवणार?

[दृश्य: प्रयोगशाळा, काचेच्या सिरिंज]

तेव्हाची चाचणीही दाखवण्याजोगी नव्हती. १९३१ साली फ्रीडमन आणि लॅफॅम यांनी मांडलेल्या पद्धतीत बाईची लघवी सशाच्या मादीच्या कानातल्या शिरेत टोचत. सुमारे दोन दिवसांनी तिचं पोट उघडून अंडाशय तपासत. लघवीत एचसीजी हे गरोदरपणात तयार होणारं संप्रेरक असेल तर अंडाशयावर बदल दिसत. 'ससा मेला म्हणजे पोटात बाळ आहे' हा समज पुढे पसरला, पण तो चुकीचा आहे. निकाल होकार असो वा नकार, तपासणीसाठी ससा मारलाच जायचा. लेखकांना मात्र ही दोन दिवसांची वाट फार उपयोगी होती: नायिका घरी, निकाल दवाखान्यात आणि मधे फोन, जो भलत्याच माणसाने उचलला की पुढच्या कितीतरी भागांची सोय व्हायची.

१९७३ मध्ये 'ऑल माय चिल्ड्रन' या मालिकेतल्या एरिका केनने कायदेशीर गर्भपात केला. विषय एवढा धीट झाला, तरी अमेरिकेत घरी करायची चाचणी अजून बाजारात आली नव्हती.

[दृश्य: परीक्षानळी, खाली तिरका आरसा]

घरच्या चाचणीची कल्पना १९६७ मध्येच पुढे आली होती. ऑर्गॅनॉन कंपनीत काम करणाऱ्या मार्गारेट क्रेन या डिझायनरने तिचा नमुना बनवला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असा संच मिळू लागला. नळीत मेंढीच्या रक्तपेशींचं मिश्रण, त्यात शुद्ध पाणी आणि सकाळच्या लघवीचे काही थेंब. मग दोन तास नळीला धक्का लागू द्यायचा नाही. तळाशी तपकिरी कडं उमटलं, तर होकार. जरा हललं तरी कडं विस्कटायचं. चाचणी बाईच्या हातात आली हे मोलाचं होतं, पण आरशातलं ते अंधुक कडं कॅमेऱ्यासाठी अवघडच.

[दृश्य: न्हाणीघर, बंद दार, काडीचा क्लोजअप]

१९८८ मध्ये क्लिअरब्लूची एका टप्प्याची काडी आली आणि मालिकांना हवं ते सगळं मिळालं. काही मिनिटांचा अवधी, आतून लावलेली कडी, हातात मावणारी वस्तू. आता निकाल सर्वांत आधी नायिकेलाच कळतो, आणि तो लपवायचा की सांगायचा हे तीच ठरवते. आमच्या मते पडद्यावरचा खरा बदल हाच आहे. पुढे डिजिटल काडीवर निकाल शब्दांत दिसू लागला, आणि रेषेचा अर्थ सांगणाऱ्या मैत्रिणीचीही गरज उरली नाही.

चुका मात्र राहिल्या. रात्री संबंध, सकाळी ओकारी, संध्याकाळी होकार: हे शक्यच नाही. बीजमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर, गर्भ गर्भाशयात रुजायलाच साधारण ६ ते १२ दिवस लागतात, आणि एचसीजी त्यानंतर वाढतं. मळमळ बहुधा शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते.

दुसरी चूक कचऱ्याच्या डब्यातली. सासू काही तासांनी काडी उचलते, दोन रेषा पाहते आणि घर हादरतं. निकाल सूचनेत दिलेल्या वेळेतच वाचायचा असतो, बहुतेक काड्यांवर ३ ते ५ मिनिटांनी. त्यानंतर लघवी वाळून करडी रेष उमटू शकते, आणि ती होकार नसते. काडी नीट चालली हे दाखवणारी नियंत्रणाची रेषच आली नाही, तर काडी बाद.

लघवीची अदलाबदल मात्र मालिका बरोबर दाखवतात. गरोदर बाईची लघवी वापरली तर काडी होकारच देईल. तिला एचसीजी कळतं, ते कोणाचं हे नाही. म्हणूनच वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलेल्या किंवा नुकताच गर्भपात झालेल्या बाईलाही काही काळ होकार दिसू शकतो.

[दृश्य: काडीवरची फिकट दुसरी रेष]

आणि ही फिकट रेष मालिकांत जवळपास दिसतच नाही. वेळेत आलेली रंगीत रेष फिकट असली तरी बहुधा होकारच असतो. सुरुवातीला एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होतं. म्हणून आज नकार आला आणि पाळीही आली नाही, तर ४८ ते ७२ तासांनी सकाळच्या पहिल्या लघवीने पुन्हा तपासायचं. पटकथेत एवढे दोन दिवस सहज बसतात. सशाच्या काळात बसत होतेच.