ओढ्यावरचा बर्फ आणि डिपरची संख्या

नमस्कार श्रोतेहो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पाणवठ्यांवर प्राणीगणना होते. दुसऱ्या दिवशी पेपरात काळवीट-लांडग्यांचे आकडे येतात आणि चर्चा सुरू होते, वाढले की घटले? पण आधीच्या आठवड्यात वळीव पडून गेला असेल, तर माळावर जागोजागी डबकी साचलेली असतात. मग जनावर पाणवठ्यावर येईलच कशाला? आकडा कोसळतो, जनावरं मात्र माळावरच असतात.

एका मोजणीवर किती विसंबावं, हे नॉर्वेतल्या डिपर या गाणाऱ्या पक्ष्याकडून छान कळतं. तो तिथला राष्ट्रीय पक्षी. मैनेहून लहान, तपकिरी, गळा-छाती पांढरीशुभ्र. डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यात बुडी मारून तळाशी चालतो आणि दगडांखालच्या अळ्या टिपतो. नर-मादी दोघंही गातात, तेही भर हिवाळ्यात!

दक्षिण नॉर्वेत लिंगदाल नदीच्या खोऱ्यात 1978 पासून या पक्ष्यांची नोंद ठेवली जाते. घरटी शोधायची, पिल्लांच्या पायात कडी घालायची, पुढच्या वर्षी कोण परतलं ते पाहायचं. कंटाळवाणं काम, पण त्यातून निघालेला निष्कर्ष 2000 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. हिवाळा कडक पडला की ओढे गोठतात, अळ्या बर्फाखाली जातात आणि पक्षी कमी होतात. हिवाळा सौम्य गेला की पिल्लं जास्त तगतात, शेजारच्या खोऱ्यांतूनही पक्षी येतात, संख्या चढते. अर्थात, जोड्या वाढल्या की ओढ्यावरची जागा अपुरी पडते आणि वाढ मंदावते.

डोंगरी पक्षी म्हणजे तापमानवाढीचा बळी, असं आपण सरसकट धरून चालतो. डिपरच्या बाबतीत गणित उलटं निघालं. समजा, कुणी लागोपाठच्या दोनच कडक हिवाळ्यांत मोजणी केली असती, तर ‘डिपर संपत चालला’ असा अहवाल बिनदिक्कत लिहिला असता.

सौम्य हिवाळा म्हणजे जास्त पक्षी, हा नियम आपल्या निलगिरी डोंगरातल्या शोलाकिळी या छोट्या पक्ष्याला लावू नका, बरं का. तिथं चहाचे मळे, निलगिरीची झाडं आणि वॅटल या परदेशी झाडाची लागवड यांनी शोला, म्हणजे डोंगरघळींतली सदाहरित जंगलं खाल्ली. तिचं दुखणं वेगळं आहे.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल पक्षीनिरीक्षकांनी ईबर्ड या संकेतस्थळावर टाकलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जाती तपासल्या, पण दीर्घकालीन कल सांगता आला तो फक्त 338 जातींचा. त्यांतल्या 204 घटल्या आहेत. मला खटकतात त्या उरलेल्या सहाशे. त्यांच्या जुन्या नोंदीच पुरेशा नाहीत.

तेव्हा हिप्परग्याच्या तलावावर किंवा नान्नजच्या माळावर गेलात, तर दुर्मीळ पाहुण्याचा फोटो काढाच, पण चंडोल, साळुंकी, बुलबुल हेही मोजून लिहा. किती वेळ थांबलात तेही नोंदवा. आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच जागी पुन्हा जा.