द्राक्षातलं सीसीसी आणि वस्तुमान मोजणारा डिटेक्टर

मित्रहो, आज सोलापुरात विद्यार्थ्यांच्या शेजारी नान्नज, कासेगावकडचे बागायतदार बसले आहेत, म्हणून सीसीसी या वाढरोधकापासूनच सुरुवात करतो. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात राहावी, काडीत घड तयार व्हावेत म्हणून हे फवारलं जायचं. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचे अंश सापडले आणि माल अडला.

सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. कॉलेजातल्या एचपीएलसीला, म्हणजे द्रवातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे करणाऱ्या यंत्राला, बहुधा यूव्ही (अतिनील) डिटेक्टर असतो. समोरून गेलेल्या पदार्थाने प्रकाश शोषला का, एवढंच तो पाहतो. क्लोरमेक्वाटमध्ये असा प्रकाश शोषणारी बेंझिनची कडी नाही, दुहेरी बंध नाही. नमुन्यात ते असलं तरी क्रोमॅटोग्रामची, म्हणजे डिटेक्टरच्या आलेखाची, रेघ सपाटच राहते.

मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमान आणि विद्युतभार यांचं गुणोत्तर मोजतो. क्लोरमेक्वाट मुळातच धनभारित आयन. तो १२२ या गुणोत्तरावर दिसतो. १२४ वर त्याचा साधारण एक तृतीयांश उंचीचा जोडीदार, कारण निसर्गात क्लोरीन ३५ आणि ३७ यांचं प्रमाण ३:१ आहे. ट्रिपल क्वाड्रुपोल, म्हणजे आयन निवडून, फोडून तुकडे मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर, घेतला की १२२ निवडायचा, वायूच्या रेणूंवर आदळवून फोडायचा आणि ५८ चा तुकडा मोजायचा. १२४ मधूनही ५८ च निघतो. दोन्हींचं प्रमाण आणि रिटेंशन टाइम (कॉलममधून बाहेर यायला लागलेला वेळ) स्टँडर्डशी, म्हणजे शुद्ध क्लोरमेक्वाटशी, जुळले, तरच क्लोरमेक्वाटचं नाव घ्यायचं.

एचपीएलसी आणि मास स्पेक्ट्रोमीटर ही दोन यंत्रं जोडणं अवघड होतं. कॉलममधून मिनिटाला १ मिली द्रव येतो, त्याची वाफ शेकडो पटींनी फुगते, आणि पलीकडे निर्वात लागतो. जॉन फेन यांनी १९८० च्या दशकात येल विद्यापीठात इलेक्ट्रोस्प्रेने वाट काढली: सुईच्या टोकाला काही हजार व्होल्ट, त्यातून बारीक थेंब, थेंब सुकतात आणि आयन मोकळे होतात, तेही हवेच्या दाबातच. २००२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. थेंब सुकवायचा असल्याने फॉस्फेट बफर इथे चालत नाही, क्षार साचतो. फॉर्मिक आम्ल किंवा अमोनियम फॉर्मेट घ्यावं.

महागडा डिटेक्टर आला की कॉलमची काळजी मिटली, हा समज मला फार धोक्याचा वाटतो. नेहमीचा सी-१८ कॉलम (तेलकट पदार्थ धरणारा) क्लोरमेक्वाटला धरून ठेवत नाही. ते सुरुवातीलाच द्राक्षातल्या साखरा आणि क्षारांबरोबर बाहेर पडतं. इलेक्ट्रोस्प्रेच्या थेंबाच्या पृष्ठभागावर जागा मर्यादित. गर्दी झाली की १२२ चा संकेत दबतो. किलोमागे ०.०१ मिलीग्रॅमसारख्या पातळीवर मग ‘आढळलं नाही’ असा अहवाल जाऊ शकतो. पडद्यावर गर्दी दिसत नाही, कारण डिटेक्टरला १२२ आणि १२४ खेरीज काही पाहायला सांगितलेलंच नसतं.

यावर उपाय म्हणजे क्लोरमेक्वाटसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाला थांबवून ठेवणारा हिलिक कॉलम, आणि नमुन्यात सुरुवातीलाच मिसळलेलं ड्युटेरियमयुक्त (काही हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेलं) क्लोरमेक्वाट. चार ड्युटेरियम असतील तर ते १२६ वर दिसतं आणि नेहमीच्या क्लोरमेक्वाटबरोबरच बाहेर येतं. त्यामुळे संकेत जेवढा दबतो, तेवढा दोघांचाही दबतो, आणि गुणोत्तर टिकतं. बागायतदारांनी अहवाल घेताना प्रयोगशाळेला जरूर विचारावं: आमच्या नमुन्यात १२६ चा संकेत किती दबला होता?