हेरवाडचा ठराव, जिनिव्हाचा निकाल

(दृश्य: सकाळ. उसाच्या फडातून जाणारी कच्ची वाट. लांबून ट्रॅक्टरचा आवाज.)

हेरवाड. तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. कुरुंदवाड इथून जवळ, आणि कर्नाटकची हद्दही फार लांब नाही.

मे 2022 मध्ये इथल्या ग्रामसभेपुढे एक ठराव आला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत. ठराव मांडला एका बाईने, अनुमोदनही बाईनेच दिलं. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढलं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. शाहू महाराजांच्या निधनाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं होत होती. कोल्हापूरकरांना त्याचं जरा जास्तच अप्रूप वाटलं, आणि ते साहजिकच होतं.

हा ठराव मोडला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. त्याचं सगळं वजन एवढंच, की तो चारचौघांत, एकमेकांच्या तोंडाकडे बघून झाला. कोरोनाची दोन वर्षं नुकतीच सरली होती. कुठल्या घरातलं माणूस गेलं, मागे कोण राहिलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

अभ्यासक याला विमर्शात्मक लोकशाही म्हणतात. शब्द जड आहे. आपल्याकडे याला बसून बोलणं म्हणतात. नुसती मतं मोजायची नाहीत. कारणं सांगायची, दुसऱ्याची ऐकायची, पटलं तर आपलं मत बदलायचं. जर्मन तत्त्वज्ञ युर्गन हाबरमास यांनी त्यात एक अवघड अट घातली: निर्णयाची झळ ज्याला बसणार, त्याला त्या चर्चेत जागा हवी.

(दृश्य: ग्रामपंचायतीची इमारत. नोटीस बोर्ड. रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या.)

ग्रामसभेचा फार गोडवाही गाऊ नये. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तिच्या ठरलेल्या तारखा. गणपूर्ती, म्हणजे ठरलेली किमान हजेरी, झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नाही. पुढचं तुम्हीच समजून घ्या. कित्येक ठराव बोलून होतच नाहीत, रजिस्टर घरोघर फिरवून होतात.

(दृश्य: जयसिंगपूर. मैदान, झेंडे, भोंगे.)

त्याच तालुक्यातलं जयसिंगपूर. गळीत हंगामाच्या तोंडावर इथे ऊस परिषद भरते. पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशांचा पहिला हप्ता किती, मागच्या हंगामाचा फरक किती, यावर मैदान तापतं. नाव परिषद असलं तरी मैदानात एकच बाजू असते. दुसरी बाजू, म्हणजे कारखानदार, नंतर कलेक्टर ऑफिसात भेटते. मधल्या काळात वाहनांची हवा सुटते, रस्ते अडतात. याला विमर्श म्हणायचं का? मी तरी म्हणेन. ज्याचा ऊस, तो तिथे उभा असतो.

पण त्या उसाचा हिशोब आता आणखी एका ठिकाणी होतो.

(दृश्य: नकाशा. शिरोळवरून रेघ निघते आणि जिनिव्हात थांबते.)

2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला हे देश भारताविरुद्ध जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत गेले. तक्रार अशी, की भारत उसाला मर्यादेबाहेर आधार देतो. ती मर्यादा आहे उत्पादनाच्या एकूण मूल्याच्या 10 टक्के. भारताचं म्हणणं होतं, एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, सरकार फक्त ठरवतं, पैसे कारखाना देतो. यात सरकारचा आधार कुठे आला? डिसेंबर 2021 मध्ये निवाडा मंडळाने हे म्हणणं फेटाळलं. भाव सरकारने बांधून दिला, म्हणजे तो आधारच, मग पैसे कोणीही देवो. 2014-15 ते 2018-19, सलग पाच हंगाम भारताने मर्यादा ओलांडली, असा निकाल आला.

भारताने जानेवारी 2022 मध्ये अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर 2019 पासूनच बंद पडलंय. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या, म्हणून. निकाल लागलाही आणि लोंबकळलाही.

आता हाबरमासची अट इथे लावून बघा. ज्याच्या उसावर हा खल झाला, तो शिरोळचा शेतकरी त्या खोलीत नव्हता. त्या संघटनेच्या अधिकृत भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. 2025-26 ची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 355 रुपये आहे, हे इथला शाळकरी पोरगाही सांगेल. तिच्यावर जिनिव्हात कोणी काय युक्तिवाद केला, हे चावडीवर मराठीतून कधी वाचून दाखवलं गेलंय का?

माझी मागणी एवढी छोटी आहे. शेतकऱ्याला जिनिव्हाला नेऊ नका. तो कागद त्याच्या भाषेत खाली आणा, आणि जयसिंगपूरच्या मैदानात त्यावर अर्धा तास द्या. तिथे वाद पेटेल, शिव्याही पडतील. पडू देत.

सगळ्या जगाची ग्रामसभा भरवायचा प्रयोगही झालाय. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या निमित्ताने जगभरातून सोडतीने 100 माणसं निवडली गेली. दुभाषे घेऊन ती ऑनलाइन बोलली. कल्पना मला आवडते. पण एका माणसामागे जवळजवळ 8 कोटी लोक होतात, आणि त्यांचं ऐकायचं बंधन कुठल्याच सरकारवर नव्हतं.

(दृश्य: नृसिंहवाडीचा घाट. कृष्णा-पंचगंगेचा संगम. पाणी पायऱ्या चढतंय.)

त्यापेक्षा जवळचं बघू. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट गाठले की इशारा, 43 फुटांना धोका. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. तेव्हापासून शिरोळच्या तोंडी आलमट्टी आहे, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. त्याच्यामुळे पाणी इकडे तुंबतं, असं गाव म्हणतं. धरणाची पातळी 519.60 मीटर, कर्नाटकाला ती 524.256 हवी आहे. राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने 2019 च्या पुराचा दोष आलमट्टीवर ठेवला नाही. गावाला ते पटलेलं नाही. समितीकडे आकडे आहेत, गावाकडे भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा.

(दृश्य: राजापूर बंधारा. त्यापुढे नदी कर्नाटकात शिरते.)

खाली चिकोडी तालुक्यातलं येडूर. तेही कृष्णेकाठीच. इथले भाविक तिथल्या वीरभद्राला जातात, तिथले नृसिंहवाडीला दत्ताच्या पायाशी येतात. सोयरीक आहे, उसाच्या टोळ्या इकडून तिकडे जातात. दोन्हीकडच्या लोकांनी धरणाचे आकडे समोर ठेवून बसावं, अशी सभा मात्र कुठल्याच कायद्यात नाही. दोन राज्यांचे वकील बोलतात, तेही दिल्लीत.

ऑगस्टमध्ये दोन्ही काठांवर माणसं मोबाइलवर एकच आकडा बघत असतात: आलमट्टीचा विसर्ग, क्युसेकमध्ये. 15 तारखेची ग्रामसभा त्याच पावसात येते. यंदा विषयपत्रिकेवर काय आहे, ते बघायला आम्ही कॅमेरा घेऊन परत शिरोळला चाललोय.