तोंडावर बोट न ठेवता

(दृश्य: काळा पडदा. वर्गातला गोंगाट, मग हळूहळू शांतता.)

हाताची घडी, तोंडावर बोट.

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाने हे ऐकलंय. बाई वर्गाबाहेर जाताना सांगून जायच्या आणि मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. गप्प बसणं म्हणजे एक तर शिक्षा, नाहीतर शिक्षेची भीती. आज आपण जिथे आलोय त्या शाळेतही मुलं गप्प बसतात. दर आठवड्याला, ठरवून. फरक एवढाच की त्या वेळी शिक्षकही त्यांच्यासोबत गप्प बसलेले असतात.

(दृश्य: रुंद नदीचं पात्र, उतारावरची घरं, मागे ढगांत शिरलेला डोंगर.)

हे होबार्ट. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे, त्याची राजधानी. समोर डर्वेंट नदी समुद्राकडे निघालेली, पाठीशी १२७१ मीटर उंचीचा कुनान्यी. वसाहत करणाऱ्यांनी त्याला माउंट वेलिंग्टन म्हटलं. २०१३ साली मूळ रहिवाशांचं नावही सरकारी नकाशावर त्याच्या शेजारी आलं.

इथेच द फ्रेंड्स स्कूल आहे. ३१ जानेवारी १८८७ रोजी वॉरिक स्ट्रीटवर ती उघडली आणि दोन वर्षांनी कमर्शियल रोडवरच्या मोठ्या जागेत गेली. मुलगे आणि मुली पहिल्या दिवसापासून एकत्र. आज बालवर्गापासून बारावीपर्यंत साधारण १३०० मुलं इथे शिकतात. जगातली सर्वांत मोठी क्वेकर शाळा म्हणून ती ओळखली जाते. आपण तिचा फक्त प्राथमिक विभाग पाहणार आहोत. चार वर्षांच्या मुलांपासून सहावीपर्यंतचा.

(दृश्य: जुन्या इंग्लंडमधली चित्रं. साध्या बाकांची एक खोली. ना वेदी, ना मूर्ती.)

क्वेकर म्हणजे कोण? सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाचा एक विणकराचा मुलगा होता, चांभारकाम शिकलेला. तो गावोगाव सांगत फिरला की देवाशी बोलायला मधे पुरोहित लागत नाही, प्रत्येकाच्या आत त्याचा अंश आहे. त्याच्या मागे जमलेल्यांनी, म्हणजे क्वेकरांनी, स्वतःला 'फ्रेंड्स' म्हटलं, मित्र. शाळेचं नाव तिथून आलं. त्यांच्या प्रार्थनासभेत सगळे शांत बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलतो आणि पुन्हा बसतो. नाही वाटलं, तर तासभर कुणीच बोलत नाही.

१६६८ साली फॉक्सने शाळा काढायला सांगितल्या. वॉल्थमला मुलग्यांसाठी, शॅकलवेलला मुलींसाठी. काय शिकवायचं? तर सृष्टीत जे जे सभ्य आणि उपयोगी आहे ते. मला हा आजवर ऐकलेला सर्वांत सुंदर अभ्यासक्रम वाटतो. मुलींनाही तोच, ही गोष्ट त्या काळात किती मोठी होती हे वेगळं सांगायला नको.

पुढे ऑक्सफर्डची दारं क्वेकरांना दीर्घकाळ बंद राहिली आणि केंब्रिजची पदवी मिळेना, कारण तिथे इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी निष्ठा मान्य करावी लागे. ती धर्माची अट १८७१ मध्ये गेली. तोवर क्वेकर शाळांनी आपला मोहरा निसर्गाकडे आणि व्यवहाराकडे वळवला होता. वनस्पती, हवामान, हिशेब. अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन क्वेकर होता आणि वयाच्या बाराव्या वर्षी गावच्या शाळेत शिकवत होता.

(दृश्य: प्राथमिक वर्ग. जमिनीवर गोल बसलेली मुलं, भिंतीवर मुलांच्या हातचे प्रश्न.)

आता वर्गात येऊ. इथला प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या 'प्रायमरी इयर्स प्रोग्राम'वर बेतलेला आहे. त्यात विषयांचे कप्पे थोडे सैल केलेले असतात आणि वर्षभराचं शिकणं सहा मोठ्या सूत्रांभोवती गुंफलेलं असतं: आपण कोण आहोत, आपण कुठल्या जागी आणि कुठल्या काळात आहोत, आपण स्वतःला कसं व्यक्त करतो, जग कसं चालतं, आपण आपली व्यवस्था कशी लावतो आणि ही पृथ्वी आपण वाटून कशी घेतो.

समजा सूत्र आहे, पृथ्वी वाटून घेणं, आणि वर्गाने पाणी हा विषय घेतला. नळाला पाणी कुठून येतं हा भूगोल झाला. बादलीत किती मावतं हे गणित. नदीचं जुनं नाव काय होतं, ते कुणी बदललं, हा इतिहास, आणि टास्मानियात तो दुखरा इतिहास आहे. पाणी कमी पडलं तर आधी कुणाला द्यायचं, हा नागरिकशास्त्राचा धडा. सुरुवात मात्र मुलांच्या प्रश्नांपासून होते. शिक्षिका विचारते, तुम्हाला काय जाणून घ्यायचंय? आणि उत्तरासाठी थांबते. हे थांबणं सोपं नाही. शिक्षकी पेशातल्या माणसाला विचारून पाहा, प्रश्न टाकल्यावर दहा सेकंद गप्प राहणं किती जड जातं. मला वाटतं, इथे ती सवय त्या आठवड्याच्या शांततेतून येते.

मराठी पालकाच्या मनात आता एक शंका आली असेल. मग अभ्यास कुठाय? तर अभ्यास आहे. वाचनाची, लेखनाची, आकडेमोडीची रोजची बैठक आहे. तिसरीत आणि पाचवीत देशभरच्या मुलांसारखी इथल्या मुलांचीही नॅपलान ही चाचणी होते. आणि या कार्यक्रमाच्या शेवटच्या वर्षी मुलं स्वतः विषय निवडून, शोध घेऊन, सगळ्या शाळेपुढे मांडतात. त्याला 'एक्झिबिशन' म्हणतात. अकरा-बारा वर्षांचं मूल मोठ्यांच्या प्रश्नांना उभं राहून उत्तर देतं.

(दृश्य: जुनं चित्र. लांबच लांब बाकांवर शेकडो मुलं, समोर वाळूचा पाट.)

पण क्वेकर म्हटलं की सगळं मायेचंच असतं, असं समजू नका. १७९८ च्या सुमारास लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर या क्वेकर तरुणाने गरीब मुलांसाठी शाळा चालवली. मोठी मुलं लहानांना शिकवत, त्यामुळे एका मास्तरात शेकडो मुलं शिकून निघत. धाकटी मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवत. ही युक्ती अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासमध्ये पाहिली होती. म्हणजे आपलीच धूळपाटी, समुद्र ओलांडून गेलेली! १८२० च्या दशकात लँकेस्टरची पद्धत मुंबईच्या मराठी शाळांत आली, तेव्हा ती एका अर्थी घरी परतली.

लँकेस्टरने छडी बंद केली, हे त्याचं मोठेपण. पण छडीच्या जागी त्याने अपमान आणला. खोड्या करणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचा, किंवा त्याला टोपलीत घालून छताला टांगायचं, बाकीच्यांनी खाली उभं राहून पाहायचं. मारापेक्षा हे बरं होतं का? मला तसं वाटत नाही.

आपल्याकडे तो ओंडका एका अक्षराचा असतो. 'ढ'. एकदा गळ्यात पडला की दहावीपर्यंत निघत नाही.

(दृश्य: एका छोट्या टेबलाशी एक मूल आणि एक शिक्षिका, अक्षरांच्या ठोकळ्यांसह.)

म्हणून या शाळेत मागे पडणाऱ्या मुलाचं काय होतं, हे मला सगळ्यात जास्त पाहायचं होतं. याचा पाया शाळेच्या श्रद्धेत आहे तसाच देशाच्या कायद्यातही आहे. २००५ पासून ऑस्ट्रेलियात शिक्षणातल्या अपंगत्वाविषयीची मानकं लागू आहेत. प्रत्येक शाळेने मुलासाठी वाजवी बदल करायचे आणि काय करायचं ते मुलाशी व पालकांशी बोलून ठरवायचं.

दरवर्षी शाळा त्याची नोंद सरकारला देते. ही नोंद कशी होते ते नीट ऐका. मुलाला कुठला आजार आहे, यावर त्याचा स्तर ठरत नाही. शाळा त्याच्यासाठी काय करतेय, यावर ठरतो. पहिल्या स्तरावर वर्गशिक्षिकाच आपल्या शिकवण्यात बदल करते: सूचना तोडून देते, चित्र जोडते, जास्त वेळ देते. पुढे पूरक मदत, मग भरीव मदत आणि शेवटी सतत, व्यापक मदत. नोंदीत येण्यासाठी किमान दहा आठवडे ती मदत दिल्याचा पुरावा लागतो. डॉक्टरांचा दाखला नसला तरी शिक्षकांकडे सबळ कारण असेल तर मूल त्यात धरता येतं. म्हणजे दाखला येईपर्यंत मुलाने वाट पाहायची नाही.

मुलाला काय येत नाही हे विचारण्याऐवजी, आपण अजून काय केलेलं नाही हे विचारणारा हा तक्ता आहे. तो सरकारचा असला तरी क्वेकर मनाला जवळचा वाटावा असाच आहे.

भांडणाचंही तसंच. क्वेकर सभेत मतदान होत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलतात, अडलं तर थोडं थांबतात, पुन्हा बोलतात. ही रीत मानणाऱ्या शाळांत दोन मुलं भांडली की समोरासमोर बसवतात. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि काय ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. वेळ लागतो, आणि तो वेळ वाया गेला असं कुणी मानत नाही.

हेही सांगितलं पाहिजे: ही खासगी, फी घेणारी शाळा आहे. एका मुलामागे एवढं थांबायला माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो. सगळ्यांना ते मिळत नाही, याची खंत हे चित्रण करताना सतत सोबत होती.

(दृश्य: सेवाग्राम. कुडाच्या भिंती, कौलं, अंगणातलं झाड.)

आणि म्हणूनच थोडा वेळ वर्ध्याला जाऊ. मार्जरी साइक्स ही यॉर्कशायरमध्ये जन्मलेली शिक्षिका १९२८ साली मद्रासला आली. पुढे ती क्वेकर झाली, शांतिनिकेतनात राहिली आणि स्वातंत्र्यानंतर सेवाग्रामात गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवू लागली. तिथे फीचा प्रश्न नव्हता. सूत, शेत, स्वयंपाक आणि सफाई हेच धड्याचं पुस्तक. कापसाच्या बोंडापासून गणित, विहिरीपासून विज्ञान. आणि दिवसाच्या प्रार्थनेत सगळ्यांनी मिळून धरलेलं मौन. होबार्ट आणि सेवाग्राम यांच्यात हजारो किलोमीटर आहेत, पण वर्गातला प्रश्न दोन्हीकडे मुलाच्या हातातल्या वस्तूपासूनच सुरू होतो.

(दृश्य: पुन्हा होबार्ट. सभागृह. मुलं येऊन बसताहेत. आवाज विरतो.)

या साप्ताहिक शांततेला इथे 'गॅदरिंग' म्हणतात. धाकट्यांसाठी ती काही मिनिटांचीच असते. कुणी बुटाची नाडी ओढतं, कुणी खिडकीकडे बघतं, कुणाला खोकला येतो. कुणी रागवत नाही.

(पंधरा सेकंद निवेदन नाही. फक्त खोलीचा आवाज.)

क्वेकर रीतीत शांतता संपल्याची घंटा होत नाही. एक जण शेजारच्याचा हात हातात घेतो, तो त्याच्या शेजारच्याचा. असं हस्तांदोलन खोलीभर फिरत जातं आणि मग मुलं बोलू लागतात.