दहा राग, तीन यंत्रं आणि एक बास वादक

(पडदा काळा. आधी ठेका, मग त्याच्या पोटातून बास. तबकडीचं वेष्टन हळूहळू उजळतं.)

वेष्टनावरचं साल १९८२. कंपनी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपली एचएमव्ही. कलाकार चरणजित सिंग. तबकडीचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. मुंबईत तयार झालेली ही तबकडी निघाली तेव्हा तिला फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. वीस वर्षांनी ती एका डच संग्राहकाच्या हाती लागली. त्यानंतर आठ वर्षांनी ती पुन्हा छापली गेली आणि जगभरच्या नृत्यसंगीताच्या जाणकारांनी तिला डोक्यावर घेतलं.

तेव्हापासून तिच्याबद्दल एकच गोष्ट सगळीकडे सांगितली जाते: अ‍ॅसिड हाऊस हे यंत्रांवर वाजणारं नृत्यसंगीत शिकागोत जन्मलं त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत जन्मलं होतं. ऐकायला हे छान वाटतं. पण या एका वाक्याखाली चरणजित सिंगांचं खरं काम झाकून जातं, आणि त्या कामासाठीच ही फिल्म केली आहे.

(जुन्या चित्रपट-तबकड्यांच्या मागच्या बाजू, एकामागून एक.)

त्या काळातल्या हिंदी चित्रपटांच्या तबकड्या उलटून पाहा. गायकाचं नाव आहे, संगीतकाराचं आहे, गीतकाराचं आहे. वाजवणाऱ्यांची नावं बहुतेक वेळा नाहीतच. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा सगळा डोलारा या बिननावाच्या माणसांवर उभा होता. गोव्याहून आलेले सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे अरेंजर नोटेशन लिहीत, वादक ते समोर ठेवून वाजवत. वादक केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकातच मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर तयार करणारं वाद्य, इथल्या रेकॉर्डिंगमध्ये आणला होता. नवीन वाद्य, नवीन आवाज पहिल्यांदा हाताळायचे ते याच लोकांनी.

चरणजित सिंग त्यांच्यातलेच. बास गिटार, गिटार, कीबोर्ड, जे लागेल ते वाजवणारे. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ताफ्यांत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. शिवाय स्वतःचा वाद्यवृंद होता, लग्नसमारंभांत कार्यक्रम होत. त्यांच्या नावावर तबकड्याही निघाल्या होत्या, पण त्या चित्रपटगीतांच्या धुनांच्या. अशा धुनांना तेव्हा चांगली मागणी होती. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं अ‍ॅकॉर्डियन घरोघरी वाजत होतं, हवाईयन गिटारवरची गाणी रेडिओवर रोज लागत. गाणं लोकांच्या ओळखीचं असायचं, म्हणून धून खपायची. वादकाच्या स्वतःच्या कल्पनेला त्यात जागा किती? दोन अंतऱ्यांमधल्या चार सुरांपुरती.

(१९८०च्या सुमाराची मुंबई. रस्ते, चित्रपटांची पोस्टरं.)

आणि मग डिस्को आला. १९८० साली 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' आलं, बिद्दूंचं संगीत आणि नाझिया हसनचा आवाज. १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने'. १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' आणि बप्पी लाहिरी. स्टुडिओत शिरलं की हाच ठेका. रोज तोच ठेका वाजवणाऱ्या एका अनुभवी वादकाच्या मनात एक साधा विचार आला, असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं: डिस्कोचा ठेका ठेवायचा, त्यावर राग वाजवायचे आणि तबला बंद करायचा. घरी त्यांनी तसं वाजवून पाहिलं. बरं वाटलं, म्हणून रेकॉर्ड केलं.

यंत्रं त्यांनी सिंगापूरहून विकत आणली होती. तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची.

(यंत्रांची जवळून दृश्यं. टीबी-३०३ची चंदेरी पेटी, तिची लहानशी बटणं.)

पहिलं टीआर-८०८, तालयंत्र. दुसरं ज्युपिटर-८, एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा मोठा सिंथेसायझर. तिसरं टीबी-३०३, आणि या यंत्रापाशी थोडं थांबायला हवं.

तादाओ किकुमोतो या अभियंत्याने ते बनवलं. हेतू असा होता की, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथीला बास मिळावा. थोडक्यात, बास वादकाची जागा घेणारं हे यंत्र. ते विकत घेतलं एका बास वादकानेच. त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा मुळीच नव्हता. स्वर भरण्याची रीत किचकट, आधी सगळे स्वर भरायचे आणि मग त्यांची लांबी वेगळी भरायची. गिटारवादकांनी पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये कंपनीने उत्पादनच थांबवलं.

पण त्या पेटीत दोन गोष्टी होत्या. एक, सोळा घरांचं आवर्तन. घराघरात स्वर भरला की ते पुन्हा पुन्हा फिरत राहतं. तीनतालाच्या सोळा मात्रांशी हा आकडा जुळतो, हा निव्वळ योगायोग. तरी आवर्तनात विचार करणाऱ्या माणसाला ही रचना परकी वाटली नसणार. दुसरी गोष्ट, एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय. कुठल्या घरातून कुठल्या घरात घसरायचं ते ठरवता येतं. मींड, म्हणजे स्वरांमधली अशीच अखंड घसर, ऐकत वाढलेल्या कानाला याचं मोल कळायला वेळ लागत नाही. ज्युपिटरमध्येही सूर ओढून नेण्याची सोय होती, आणि या तबकडीतल्या तानांचं निम्मं रूप त्या ओढीतच आहे.

(ठेका एकटा. मग त्यात बास मिसळतो. मग वरचा सूर.)

आता ऐका, हे तिन्ही एकत्र कसे बसतात. ८०८ आणि ३०३ एका केबलने जोडले की दोघांची लय एक होते, रेसभरही हलत नाही. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात बास साधारणपणे कॉर्डबरोबर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाबरोबर, जागा बदलतो. रागात कॉर्ड बदलत नाहीत. षड्ज, म्हणजे सा, ठरला की ठरला. बाकी सगळे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्यातून अर्थ घेतात. चरणजित सिंगांनी ३०३चं आवर्तन त्या षड्जाशी बांधलं. ते तानपुऱ्यासारखं मागे अखंड चालू राहिलं. फरक एवढाच की हा तानपुरा स्थिर नव्हता, तो पळत होता.

माझ्या मते या तबकडीचा सगळा शोध इथे आहे. रागाला एका जागी राहून खोल जाता येतं, आणि यंत्राला एकच गोष्ट न थकता करता येते. हे दोन स्वभाव एकमेकांना पूरक आहेत, हे त्यांना वाजवता वाजवता कळलं. सतारीखाली ड्रम टाकून फ्यूजन करण्याची पद्धत तेव्हाही होतीच. इथे तसं जोडकाम नाही. वरचा सूर काढून टाकला तरी खालच्या बासमध्ये रागाचे स्वर सापडतात.

दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटं. ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी ही त्यांतली नावं. पाच मिनिटांत विलंबित-द्रुताचा विस्तार शक्य नाही, त्यामुळे राग उलगडत जाण्यापेक्षा त्याचं चलन झपाट्याने समोर येतं. सगळेच सारखे जमलेत असंही नाही. यमन मला घाईत उरकल्यासारखा वाटतो. त्या रागाला जी ऐसपैस बैठक लागते, ती या ठेक्यात मिळत नाही. कलावती आणि मालकंस मात्र विलक्षण आहेत. पाचच स्वरांचे राग, प्रत्येक स्वराला भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेत बासची हालचाल स्वच्छ ऐकू येते.

(पायपेटी, हार्मोनियम. जुन्या संगीत नाटकांची छायाचित्रं.)

शास्त्रीय संगीताच्या बाजूने एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. कीबोर्डच्या बारा पट्ट्यांत तोडीचा अतिकोमल गंधार कुठून यायचा? ललतातला धैवत? श्रुती, म्हणजे पट्ट्यांच्या मधल्या सूक्ष्म स्वरजागा, गेल्या की राग उरतो का?

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. याच कारणासाठी रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती, आणि ती उठायला १९७१ उजाडलं. त्याच काळात आणि त्याच्या आधीही आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मानाचं स्थान मिळवून दिलं होतं, बालगंधर्वांच्या नाट्यपदांमागे ऑर्गन वाजत होता. पट्ट्यांच्या वाद्यावर राग किती आणि कसा येतो, हे मराठी श्रोत्याने शंभर वर्षं ऐकलं आहे. स्वराची जागा नेमकी मिळत नसेल तर लगाव, वजन आणि दोन स्वरांमधला प्रवास यांतून त्याची भरपाई करायची, ही पेटीवाल्यांची विद्या. पेटीला जी मींड जमत नव्हती, ती ज्युपिटरला जमत होती. त्या अर्थाने ही तबकडी पेटीच्या परंपरेतली पुढची पायरी म्हणून ऐकता येते. निदान मी ती तशी ऐकतो.

(पुन्हा वेष्टन. शांतता.)

१९८२ मध्ये तसं कुणी ऐकलं नाही. ती कुणाला विकायची, हाच प्रश्न होता. शास्त्रीयवाल्यांना नावातला डिस्को नको. डिस्कोवाल्यांना गाणं हवं, शब्द हवेत, पडद्यावरचा चेहरा हवा. नुसत्या संगीतावर रात्रभर नाचण्याच्या जागा म्हणजे पंचतारांकित हॉटेलांतले मोजके डिस्कोथेक. त्यातच कॅसेटचा जमाना येत होता, एलपीचे दिवस संपत आले होते. तबकडी विरून गेली. चरणजित सिंग आपल्या कामाला लागले.

(शिकागो. रात्रीचं शहर.)

तिकडे शिकागोत ३०३ सेकंडहँड दुकानांत स्वस्तात पडून होतं. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तरुणांच्या 'फ्यूचर' या गटाने एक मिळवलं आणि त्यातून आवाज बाहेर पडत असतानाच फिल्टरची, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी, बटणं फिरवत राहिले. चिरकणारा, ओला, वळवळणारा आवाज निघाला. त्याची टेप त्यांनी 'म्युझिक बॉक्स' या क्लबमध्ये रॉन हार्डी या डीजेला दिली. हार्डीने ती एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा वाजवली. सुरुवातीला लोक नाचायचे थांबले. शेवटी वेडावून नाचले. १९८७ मध्ये ती 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' म्हणून बाजारात आली आणि अ‍ॅसिड हाऊस हा प्रकार सुरू झाला.

या मुलांनी मुंबईची तबकडी ऐकलेली नव्हती. चरणजित सिंगांना शिकागोची खबर नव्हती. त्या वर्षांत ३०३ वापरणारे ते जगात एकटेही नव्हते. मग दोन्ही संगीतं इतकी सारखी का वाटतात? यंत्र एकच, सोळा घरांची शिस्त एकच, आणि दोघांनीही कॉर्ड बदलायचा मोह टाळला. शिकागोच्या तरुणांनी आपल्या समाजातल्या नाचाच्या रात्रींतून एक चळवळ उभी केली; तिचं श्रेय त्यांचंच आहे. ते काढून मुंबईला देण्यात दोघांवरही अन्याय होतो.

(दिल्लीतलं जुन्या तबकड्यांचं दुकान.)

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत ही तबकडी मिळाली. ऐकल्यावर त्यांचा कानांवर विश्वास बसेना. वेष्टनावरचं साल त्यांनी पुन्हा तपासलं असणार, कारण पुढे ज्याने ज्याने ती ऐकली त्याने हेच केलं. बाउमन यांनी चरणजित सिंगांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवर ती पुन्हा प्रसिद्ध केली.

परदेशी वृत्तपत्रांनी लेख लिहिले. काहींना तर हा बनाव वाटला. आजच्या एखाद्या चलाख संगीतकाराने जुन्या तारखेचं खोटं वेष्टन छापलं असणार, असं लोक गंभीरपणे म्हणू लागले. हे वाचून मला वाईट वाटलं. १९८२ सालचा मुंबईतला वादक हे करू शकतो, यावर विश्वास ठेवणं इतकं जड का जावं? नवं वाद्य हाती घेऊन दुसऱ्या दिवशी त्यातून हवा तो आवाज काढून देणं, हा त्या लोकांचा रोजचा धंदा होता.

(युरोपातला मंच. कीबोर्डमागे पांढऱ्या केसांचा माणूस.)

मग सत्तरीतले चरणजित सिंग एका डच सहकाऱ्याबरोबर युरोपातल्या मंचांवर उभे राहिले. समोर विशी-पंचविशीतली मुलं. तेच राग, तोच ठेका, आणि या वेळी नाचणारे लोक. मुलाखत घेणारे त्यांना अ‍ॅसिड हाऊसबद्दल विचारत. ते सांगत की हे नाव आपण कधी ऐकलंच नव्हतं. मात्र तबकडीबद्दल ते एक गोष्ट ठामपणे सांगत: आपण केलेलं सर्वांत चांगलं काम हेच. बाकी सगळी दुसऱ्यांची गाणी होती, हे आपलं स्वतःचं होतं.

जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

तबकडी आता इंटरनेटवर सहज मिळते. ऐकणार असाल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बास पोचतच नाही, आणि या संगीतात बास गेला की राग पांगळा होतो. चांगले हेडफोन घ्या. कलावतीपासून सुरुवात करा. पहिल्यांदा वरच्या तानांकडे लक्ष जाईल, ते जाऊ द्या. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त खालचा सूर धरा आणि तो गंधारावरून पंचमावर कसा जातो ते पाहा.

(कलावती. पूर्ण पाच मिनिटं. निवेदन नाही.)