भिंतीतल्या पिनेवर चालणारे ठोके

श्रोतेहो, नमस्कार. बाळाच्या हृदयातलं भोक बुजवलं, ऑपरेशन नीट पार पडलं, पेढे वाटून झाले, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणतात, "ठोके जरा चुकताहेत." आईबापांच्या पोटात गोळाच येतो.

होतं असं की, खालच्या दोन कप्प्यांमधल्या भोकाच्या कडेनेच ठोक्याचा इशारा वरून खाली नेणारी बारीक वाट जाते. टाका जवळ पडला, नुसती सूज आली, तरी ती अडते. यालाच हार्ट ब्लॉक म्हणतात. पुन्हा सांगतो, भोक बुजतं, पण वाट अडते.

आता माझी आवडती गोष्ट. ३१ ऑक्टोबर १९५७, अमेरिकेतलं मिनियापोलिस. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय मुलांची हृदयं दुरुस्त करत. वाट अडली की हृदयाला तार जोडायची आणि तार पेसमेकरला. पेसमेकर म्हणजे विजेने ठोके चालू ठेवणारं यंत्र. तेव्हा ते ढकलगाडीवरचं भलंमोठं खोकं होतं, त्याची पिन भिंतीत! आणि त्या दिवशी शहराची वीजच गेली. तासन् तास. लोडशेडिंगमध्ये आपण मेणबत्ती शोधतो. इथे भिंतीतल्या पिनेवर लेकरांचे ठोके चाललेले.

लिलेहायनी रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बकेनना गाठलं. त्यांचा धंदा मोटार ठेवायच्या गॅरेजमध्ये थाटलेला. आधी त्यांच्या डोक्यात मोटारीची बॅटरी आली. मग आठवलं, एका मासिकात मेट्रोनोमचं सर्किट छापून आलं होतं. मेट्रोनोम म्हणजे वाजवणाऱ्याला लय धरून देणारं टिकटिक यंत्र. (म्हणून म्हणतो, मासिकं रद्दीत घालू नका. आमच्या घरी कोण ऐकतंय!) चारेक आठवड्यांत ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, त्याच्या आतला चिमुकला भाग) आणि छोट्या बॅटरीचं, हातात मावेल असं डबडं तयार. कुत्र्यावर चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी बकेन रुग्णालयात येऊन बघतात तर डबडं एका मुलाच्या अंगावर! डॉक्टर थांबलेच नव्हते.

वेळ संपत आली, तेव्हा थोडक्यात. आजही ऑपरेशननंतर छातीखालून बारीक तारा बाहेर ठेवतात, गरज पडली तर पेसमेकर जोडायला. सूज उतरली की पुष्कळदा वाट आपोआप उघडते, म्हणून कायमचा पेसमेकर बसवायला साधारण सात ते दहा दिवस थांबतात. काही बाळांचे ठोके उलट सुसाट धावतात, विशेषतः पहिल्या एकदोन दिवसांत. तेव्हा अंग मुद्दाम थंड ठेवतात. आजीने बाळावर शाल घालू नये. आणि पुढे कित्येक वर्षांनी ते मूल खेळता खेळता चक्कर येऊन पडलं, तर ऊन लागलं म्हणून कांदा हुंगवत बसू नका. लगेच दवाखाना गाठा, ईसीजी काढा, आणि ऑपरेशनचा कागद सोबत न्या. तोही रद्दीत गेला नसेल तर.