शुक्रवार ते सोमवार

नमस्कार श्रोतेहो. मी नागपूरच्या एका डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे. किडनी निकामी झालेल्यांचं रक्त आम्ही मशीननं साफ करतो आणि अंगात साचलेलं पाणी काढतो. मे महिन्यात सोमवारी सकाळी आमच्याकडे पहिली गर्दी असते ती वजनकाट्यापाशी. भंडाऱ्याहून एसटीनं येणारे एक काका चपला काढतात, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवतात आणि काट्यावर उभे राहतात. शुक्रवारी घरी गेले तेव्हा 58 किलो होते, आज साडेबासष्ट. "तहान ऐकतच नाही ना जी," एवढंच म्हणतात.

हे साडेचार किलो म्हणजे साडेचार लिटर पाणी. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यायलेलं सगळं अंगातच राहतं. पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो, हृदयावर ताण येतो. रक्तातलं पोटॅशियमही चढत जातं, आणि ते फार चढलं तर हृदयाचे ठोके एकाएकी बिघडतात.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा असलं, तरी एक खंड दोन दिवसांचा पडतोच. अमेरिकेत 32,065 रुग्णांच्या नोंदी तपासून 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण वर्षाला दर शंभर रुग्णांमागे 22.1 निघालं, बाकीच्या दिवशी 18. आपल्याकडे कितीतरी जण आठवड्याला दोनच डायलिसिस करतात, म्हणजे त्यांचा खंड आणखी लांब. त्यात एखादी फेरी बुडाली तर काय होत असेल, ते तुम्हीच बघा.

मग नातेवाईक म्हणतात, एका बैठकीत काढा ना सगळं पाणी! घाई मलाही समजते, परतीची गाडी गाठायची असते. पण तासाला, वजनाच्या दर किलोमागे, 13 मिलिलिटरच्या वर पाणी ओढलं तर जिवाचा धोका वाढलेला दिसतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. काकांच्या वजनाला चार तासांत हे जेमतेम तीन लिटर होतं. त्याहून भराभर ओढलं की बीपी कोसळतं, पायात गोळे येतात, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं.

या रुग्णांचा अभ्यास वेगळा का करावा लागतो, याचं एक उदाहरण सांगते. कोलेस्टेरॉलची गोळी इतरांना हृदयविकारापासून वाचवते, तेव्हा इथेही वाचवेल असं वाटलं होतं. जर्मनीत डायलिसिसवरच्या 1,255 मधुमेहींपैकी साधारण निम्म्यांना ती, आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी देऊन पाहिली. 2005 मध्ये निकाल आला: कोलेस्टेरॉल उतरलं, पण हृदयविकारानं होणारे मृत्यू, हार्ट अटॅक आणि पक्षाघात मिळून म्हणावे तसे घटले नाहीत. इथे हृदयाचं दुखणंच निराळं असतं. म्हणून दुसऱ्याला लागू पडलेलं औषध आपल्या पेशंटला आपल्या मनानं देऊ नका, आणि चालू असलेलं बंदही करू नका. दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

तहानेचं मूळ बहुतेक वेळा मिठात असतं. लोणचं, पापड, शेव, साओजीचा रस्सा खाऊन पाणी मोजत बसणं म्हणजे त्या माणसाचा छळ आहे. आधी मीठ कमी करा, मग दिवसाचं ठरलेलं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा. आणि उन्हातून आला म्हणून मायेनं नारळपाणी किंवा संत्र्याचा रस पुढे करू नका. पोटॅशियम दोन्हींत आहे.

प्रवासापायी फेरी बुडत असेल, तर जवळच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. 2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सोय मोफत आहे.

काकांचं त्या दिवशी तीन लिटर पाणी काढलं. उरलेल्या दीड लिटरसाठी मंगळवारी जादा डायलिसिस लावलं. आता ते रविवारी संध्याकाळी घरच्याच काट्यावर उभे राहतात, आणि आकडा जास्त दिसला की सोमवारची वाट न बघता युनिटला फोन करतात.